बोटीवर नेलेली जांभळाची बाटली

"जिना हा असला, गाडी लावायला जागा नाही, आणि एवढं सगळं कशापायी? तर एका बाटलीपायी!"

कुरकुर दबक्या आवाजात होती, पण हिरामणच्या अगदी कानापाशी झाली. तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चहाचा ग्लास घेऊन बसला होता. त्याने पाय आखडून वाट दिली. पुढे एक तरुण बाई, हातात कापडी पिशवी. मागे कुरकुरणारा तिचा नवरा.

खालापूरच्या तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती. दारावर पाटी: 'विनिता कर्णुक, खासगी तपास'. हिरामण तिचा मावसभाऊ. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाला आणि विनिताची जीप चालवू लागला. रस्ता त्याला एकदा पाहिला की पाठ होई. माणूस कळायला मात्र फार वेळ लागे. विनिताचं बरोबर उलटं. ती चौक गावच्या फाट्यावरही चुकायची.

"मी जागृती म्हसे. हे माझे मिस्टर, हर्षद," बाईने पिशवीतून एक रिकामी बाटली, एक बूच आणि लाल मेणाचे तुकडे टेबलावर काढले. "कशेळ्याच्या अलीकडे आमची शेड आहे. सासऱ्यांच्या झाडांच्या जांभळांची वाइन करते मी. परवाना आहे. ही पहिलीच खेप, तीनशे बाटल्या. शनिवारी टेंपो यायचाय."

"मग अडलं कुठे?"

"आबा-आईंच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुंबईहून दोन रात्रींच्या बोटीवर गेलो होतो, चौघं. आपली एक बाटली बरोबर नेली."

हिरामणला राहवलं नाही. "बोटीवर आपली वाइन नेऊ देतात? मला वाटलं, डबापण काढून घेत असतील."

"मोठ्या माणसागणिक एक. सीलबंद पाहिजे आणि हातातल्या पिशवीत पाहिजे. चढताना तपासतात, बाटलीच्या मानेवर खोलीच्या नंबरची पट्टी चिकटवतात. मग जेवताना वेटर आपल्यासमोर उघडतो."

"उघडली," हर्षद म्हणाला, "आणि आत निघालं कोकम सरबत. टेबलाला सहा अनोळखी माणसं. एकाने मोबाइलवर काढलं. गावठी वाइन म्हणून हसले सगळे."

"पट्टी?"

"जशीच्या तशी होती. मीच वेटरला दाखवली," जागृती म्हणाली. "म्हणजे अदलाबदल बोटीवर झाली नाही. बुधवारी मी शेडमधून बाटली उचलली, शुक्रवारी सकाळपर्यंत ती घरी भाताच्या कोठीच्या खोलीत होती. तिथे गार असतं. आता सांगा ताई, हे शेडमध्ये झालं की घरी? शेडमध्ये झालं असेल तर तीनशे बाटल्यांतल्या कुठल्या खऱ्या? सहा फोडून पाहिल्या, सहाही ठीक. पण सातवी? फोडून तपासली की ती विकता येत नाही. न तपासता पाठवली आणि एकीत जरी सरबत निघालं, तर माझी शेड संपली."

तिचा आवाज हलला नाही. बाटली तिने विनितापुढे सरकवली.

विनिताने मेणाचा तुकडा खिडकीपाशी नेला. मग बूच फिरवून पाहिलं. मधोमध वेटरच्या बूच काढायच्या मळसूत्राचं एकच भोक होतं. दोन्ही अंगांना मात्र एकेक बारीक, सरळ रेघ होती, वरून खालपर्यंत.

"दादा, बघ काय दिसतं."

हिरामणने चष्मा लावला. "मेण. आणि आत भाताचा तूस अडकलाय."

"आत. बाहेरून चिकटलेला नाही."

"मग?"

"मग जीप काढ."

*

कर्जत सोडून कशेळ्याच्या रस्त्याला लागल्यावर म्हसेंचं घर लागतं. पुढे शेड, मागे जांभळाची नऊ झाडं. बुंधे कमरेइतके चुन्याने रंगवलेले, चुना अगदी नवा. शेवटच्या झाडाच्या बुंध्याला एका अंगाने निळसर-हिरवा ओघळ होता.

"मोरचूद," हिरामण जाणकारीने म्हणाला. "बुरशीला लावतात."

"एकाच झाडाला? आणि तेही मागच्या बाजूने?" विनिता पुढे निघाली.

शेडमध्ये फरशी आरशासारखी स्वच्छ. बाटल्या कागदात गुंडाळून खोक्यांत उभ्या. सुंदरा नावाची बाई मेणात बाटल्यांच्या माना बुडवत होती. बुडवताना हाताला एक गिरकी, की मेणाचा थेंब नेमका पाठीमागे जाऊन थिजायचा. हिरामण बघतच राहिला.

"इथे तूस वापरता का गं, बाटल्या ठेवायला?" विनिताने विचारलं.

"तूस? जागृतीवहिनी पायातली चप्पल आत येऊ देत नाय, तूस कुठला! एकदा मेण वाकडं लागलं तर चार दिवस बोलल्या मला. मीच बदलली असंल, असं वाटतंय ना तुमाला?"

"वाटत नाही. म्हातारेबुवा येतात का इथे?"

सुंदराचा हात गिरकी घ्यायचा विसरला. "आबा? नाय कधी. जागा त्यांचीच, पण उंबरा नाय ओलांडला."

"का गं?"

"घरच्यांना इचारा. मला काम हाय."

*

हर्षद खोपोलीला कारखान्यात नोकरीला. आज रजा टाकून आलेला, म्हणून आणखीच वैतागलेला.

"मला शेड नकोच होती, खरं सांगतो. वाइन म्हटलं की गावात लोक काहीबाही बोलतात. पण बाटलीला हात नाही लावला मी. बायकोने दोन वर्षं राबून केलेली वस्तू आहे ती."

"टेबलावर नेमकं काय झालं?"

"जागृतीची हौस. आमच्यात नवा भात निघाला की पहिला घास देवाला आणि मग घरातल्या मोठ्याला. 'नवं' म्हणतात त्याला. ही म्हणाली, वाइनपण आपल्या रानातलं नवंच, पहिला घोट आबांचा. निघायच्या आदल्या सोमवारीच जाहीर करून टाकलं. नव्याला नाही म्हणायचं नसतं, ते अशुभ. पिकाला लागतं. मी म्हटलं, नुसता ओठाला लावा. पण आबांनी काय करावं? ग्लास भरला, तसा उचलला आणि एका दमात रिकामा केला. सुनेच्या मानापायी! माझ्या डोळ्यात पाणी आलं."

"एरवी घेत नाहीत?"

"छे. शुगर आहे त्यांना," हर्षद घड्याळाकडे बघत म्हणाला.

"आणि आई?"

"आईने घोट घेतला, आबांकडे बघितलं, आणि सगळा ग्लास संपवून 'छान झालीय' म्हणाली. बाकीचे तोंडं वाकडी करत होते तेव्हा."

स्वयंपाकघरात हर्षदची आई, गौराबाई, तांदूळ निवडत होत्या. मागे फळीवर कोकमाच्या आगळाची बरणी, आतलं आगळ जरा जास्तच खाली गेलेलं.

"सरबताला माझ्याच बरणीतलं आगळ गेलंय, ते खरं हाय. पण घर उघडं असतं गं बाय. कुणीबी येतं, कुणीबी जातं."

"आबा वाइन घेत नाहीत, असं कळलं."

"नाय. देवाला शब्द दिलाय त्यांनी." तांदळातला खडा त्यांना बराच वेळ सापडेना.

जागृतीला विचारलं, तेव्हा ती सहज म्हणाली, "ॲसिडिटी. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. म्हणून तर म्हटलं, एक घोट चालेल."

अंगणात बुधाजीआबा बाजेवर बसून आंब्याची कलमं बांधत होते. सत्तरी उलटलेली, पण हात लोण्यासारखा. कागदासारख्या पातळ पात्यांचे दोन चाकू, एक खाप, एक पाचर, आणि जोड असा बसला की हिरामणला शिवण दिसेना.

"सुंदर," विनिता मनापासून म्हणाली.

"झाडाला कळता कामा नाय," आबा म्हणाले. "कळलं की धरत नाय."

जागृतीने चहा आणला. आबांनी त्यात चार चमचे साखर घालून तो बशीत ओतला. विनिताने पाहिलं. हिरामणनेही पाहिलं, पण त्याला आपल्या चहात साखर कमी आहे एवढंच जाणवलं.

*

"दादा, तुझी चुन्याची डबी दे."

"तू तंबाखू कधीपासून खातेस?"

विनिताने जागृतीच्या सहा फोडलेल्या बाटल्यांपैकी एकीतली वाइन मागवली होती. डबीतला चुना दगडावर फासला आणि त्यावर थेंब टाकला. जांभळा थेंब बघता बघता निळा झाला, मग हिरवट.

"आयला! झाडावरचा ओघळ!"

"मोरचूद नव्हे. सगळ्यांना अंगणात बोलाव."

दुपार कलली होती. बाजेभोवती सगळे जमले. सुंदराही हात पुसत आली.

"आधी कामाचं," विनिता म्हणाली. "जागृती, शनिवारचा टेंपो थांबवू नकोस. तुझी खेप शुद्ध आहे. बाटलीच्या मेणाच्या आत भाताचा तूस होता. मेण ओलं असतानाच तो अडकला. शेडमध्ये तुसाचा कण नाही. म्हणजे हे सील दुसऱ्यांदा लागलं ते कोठीच्या खोलीत. घरी आलेली बाटली एकच होती, म्हणून बिघडलेलीही एकच."

जागृतीने सुंदराचा हात धरला. सुंदराने तो झटकला नाही.

"आता हुशारी बघा. बुचाला भोक एकच, वेटरचं. म्हणजे आधी ते मळसूत्राशिवाय काढलं. कसं? मेणाची टोपी ऊब देऊन अखंड उतरवली. बुचाच्या दोन अंगांनी दोन पातळ पाती सरकवली, आणि पिळत पिळत बूच वर घेतलं. तसंच परत बसवलं, टोपी चढवली, कड वितळवून जोडली. बोटीच्या तपासणीत पास! मी वीस वर्षं कुलपं आणि पाकिटं बघतेय. इतका देखणा हात पाहिला नाही."

"मी केलं," गौराबाई एकदम म्हणाल्या. "माझंच आगळ, मीच केलं."

"बूच कशाने काढलंत, आई?"

"सुरीने. उचकटून."

"उचकटलेलं बूच असं राहत नाही हो. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला कळलं ते टेबलावर, पहिल्या घोटाला. आणि तुम्ही 'छान झालीय' म्हणालात. ते सरबताला उद्देशून नव्हतं."

गौराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मला खटकलं ते वेगळंच. एका माणसाने एक गोष्ट सोडलेली, आणि घरात तिची कारणं तीन. शुगर, देवाचा शब्द, ॲसिडिटी. शुगरवाला चार चमचे साखर घेतो. एका खऱ्या कारणाला तीन खोटी कारणं लागली, कारण खरं कुणी उच्चारतच नाही. आणि ज्या माणसाने शेडचा उंबरा ओलांडला नाही, तो ग्लास भरल्याबरोबर, कुणी ओठाला लावायच्या आधी, एका दमात पितो? मानापायी घोट घेतात हर्षदभाऊ, ग्लास रिकामा करत नाहीत. आत काय आहे ते ज्याला आधीच माहीत होतं, तोच इतकं बेधडक पिऊ शकतो."

सगळ्यांच्या नजरा बाजेवरच्या दोन चाकूंवर गेल्या. हिरामणची सगळ्यात शेवटी.

"वाइन त्याने फेकली नाही की लपवली नाही. ज्या झाडाची होती त्याच्या मुळाशी नेऊन ओतली. चुन्यावर अजून निळी आहे. ओघळाची लांबी बघा, सगळी बाटली गेलीय. एक थेंब मधे कुठे गेला नाही. मला त्या हातापेक्षा हे मोठं वाटतं." विनिताने पिशवी खांद्याला लावली. "का केलं, ते मी सांगणार नाही. ते माझ्याकडून ऐकायचं नाही."

आबांनी चाकू एकावर एक ठेवले, मग परत वेगळे केले.

"ही विद्या जुनी हाय," ते म्हणाले. "पूर्वी हिने, तुझ्या सासूने, बाटली कुलपात ठेवली की मी आतली पिऊन कोरा चहा भरून ठेवायचो. सील जसंच्या तसं. हिला महिने महिने कळायचं नाय. यंदा तीच विद्या उलटी वापरली."

"आबा, सांगायचंत ना मला," जागृती त्यांच्या पायाशी बसली. "मी कशाला पहिला घोट… मला कुणी बोललंच नाही!"

"कसं बोलणार? शेडपायी तुझ्या तोंडावर जे तेज आलं होतं, ते बघितलं नाय का आमी? आणि नव्याला नाय कसं म्हणू? तुझ्या पिकाला लागलं असतं. हो म्हणालो असतो, तर मला लागलं असतं. म्हणून मधला रस्ता काढला. लोक तुला हसतील, हे नाय आलं ध्यानात. तेवढं चुकलं, पोरी."

"जाऊ द्या ना आबा आता," हर्षद घाईने म्हणाला. "ताई, तुमचं ते… शुगर पण आहे त्यांना थोडी…"

"शुगर नाय रं. ॲसिडिटी नाय. देवाला शब्द दिला तो बी नंतर." आबांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. हात स्थिर होता. "दारुडा, पोरी. तुझा सासरा दारुडा."

"होता, आबा," हर्षदचा आवाज फाटला. "होता! चौदा वर्षं झाली."

"होतो नाय रं," आबा म्हणाले. "हाय. म्हणून तर ओतली."