आईचे संवाद

मालिका बघायची नसते, ऐकायची असते. हे मला मालिका लिहायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. बघणारी माणसं त्या वेळी भाजी चिरत असतात, इस्त्री करत असतात, कुणी अंघोळीला गेलेलं असतं. म्हणून पात्रांनी सगळं तोंडानेच सांगायचं. "अगं, तू रडतेयस?" असं विचारलं की इस्त्रीवालीला मान वर न करता कळतं, कुणीतरी रडतंय.

आमच्या बाबांना तर हे फारच सोयीचं. नजर गेल्यापासून ते टीव्ही ऐकतातच. शिवाय माझ्या मालिकेतली आई म्हणजे आमचीच आई होती. ती गेली त्याच वर्षी मला हे काम मिळालं. तिचं बोलणं कानात ताजं होतं, ते मी बिनदिक्कत उचललं. "अहो, चष्मा डोक्यावर आहे तुमच्या." "माझं मेलीचं कोण ऐकतंय या घरात!" नटी कुणी का असेना, शब्द आईचे. रोज संध्याकाळी बाबा दाढी करून, केस विंचरून टीव्हीसमोर बसायचे आणि तिला उत्तरं द्यायचे.

"ऐकतोय गं, बोल."

मी आतून चिडवायचे, "बाबा, मालिका आहे, फोन नाही!"

"ठमे, तू लिही. आमच्या मध्ये बोलू नकोस."

मग मला चित्रपट मिळाला. दिग्दर्शक गुणी माणूस, पण संवाद दिसला की याच्या हातात कात्री. मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. माझ्या पटकथेतल्या आईचं एकेक वाक्य त्याने छाटलं आणि शेवटी म्हणाला, "ही बोलणारच नाही. पाठ दिसली तरी पुरे." खरं सांगते, त्याचं बरोबर होतं. पण हे घरी बाबांना सांगायचं होतं.

"म्हणजे अजिबात नाही बोलणार?" बाबांनी विचारलं.

"मालिका चालू आहे ना, बाबा. आता दुसरी मुलगी लिहितेय."

त्यांनी त्या मुलीचा एक भाग ऐकला. "ही कोण बाई?" म्हणाले, आणि टीव्ही बंद केला.

तरी संध्याकाळी दाढी करून ते तिथेच बसत राहिले. बंद टीव्हीसमोर. आणि उत्तरं देत राहिले. मी दाराआड उभी राहून ऐकलं. ते बोलत, मग थांबत, मग हसत. स्वतःशी बोलणारं माणूस इतकं थांबत नाही. संवाद लिहून पोट भरलंय मी, समोरच्याचं वाक्य केवढं आहे ते मला थांबण्यावरून कळतं.

डॉक्टर म्हणाले, वय झालंय, बोलू द्या. मी बोलू दिलं.

त्याच सुमारास मी मुलगी घर सोडून जाते तो प्रसंग लिहीत होते. आई दारात उभी राहून बघत राहते, असं लिहिलं होतं. एरवी मी प्रत्येक प्रसंग बाबांना वाचून दाखवायचे. पण यात संवादच नाही, तर वाचणार काय? कुणालाच सांगितला नव्हता. चहा करायला बाहेर आले, तर बाबा म्हणाले, "ठमे, ती दारात उभी राहणार नाही."

"कोण?"

"तुझ्या सिनेमातली आई. पोरगी निघाली की ती आत जाईल आणि पाठ फिरवून चहा गाळेल. रडताना कुणी पाहिलेलं तिला चालत नाही. आणि ओट्यावर कप एकच ठेव."

माझ्या अंगावर काटा आला. पण लेखकाची खोड, विचारलंच. "दोन का नाही?"

"मीही तेच म्हटलं तिला. म्हणाली, अजून वेळ आहे."

मी तसंच लिहिलं. मौनीबाबा वाचून खुर्चीतून उठलाच. "हे कुठून आणलंस?"

"घरून," मी म्हटलं.

चित्रपट पूर्ण झाल्यावर छोट्या थिएटरात आम्ही तिघेच बसलो, बाबा, मी आणि मौनीबाबा. मागे प्रोजेक्टरवाला. मी बाबांच्या कानाशी लागून पडद्यावर दिसेल ते सांगत होते.

तो प्रसंग आला. मुलगी गेली. आई वळली. ओट्यावर एकच कप, त्यातून वाफ. मौनीबाबाने इथले सगळे आवाज काढून टाकले होते. मीही सांगायची थांबले.

बाबा हसले. संध्याकाळचं ते हसू.

"आलोच," ते म्हणाले. "एवढं संपू दे."

मालिका संपत नाही. इतकी वर्षं मी रोज पुढचा भाग लिहीत आले होते. चित्रपटाला शेवट असतो, आणि तो मीच लिहिला होता.

नावं वर सरकायला लागली. मी बाबांचा हात घट्ट धरला आणि ओरडले, "पुन्हा लावा! पहिल्यापासून!"

"अगं, झालंय काय?" मौनीबाबाने विचारलं.

"लावा म्हणते ना!"

पुन्हा सुरू झाला. बाबा माझा हात थोपटत होते. "हट्टी कुठली," म्हणाले. "अगदी आईवर गेलीस." त्यानंतर काही बोलले नाहीत.

तो प्रसंग आला. मुलगी गेली. आई वळली.

ओट्यावर दोन कप होते. दोन्हींतून वाफ येत होती.

मी हात सोडला नाही. बाजूला वळून पाहिलंही नाही.