पान सत्तेचाळीस

"हे माझ्या लेकीचे शब्द नाहीत!"

मागच्या बाकावरून एक बाई ओरडली आणि सुनावणी थांबली. तिची मुलगी सासरी जळून मेली होती. मरण्याआधी खालच्या कोर्टाच्या दंडाधिकाऱ्यांनी इस्पितळात तिचा जबाब घेतला, तेव्हा ही आई दाराशी उभी होती. तोच जबाब आरोपींचे वकील खणखणीत आवाजात वाचत होते: स्टोव्हचा भडका उडाला, कुणाचा दोष नाही.

आरोपी दोन. नवरा तुरुंगातून आणलेला, दीर जामिनावर सुटलेला. दिराच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

न्यायाधीशांनी शिरस्तेदारबाईंना आत बोलावलं. कचेरीचा सगळा कारभार त्यांच्या हाताखाली होता.

"जबाब घेणारे दंडाधिकारी वारले. हे पान खरं असेल तर दोघे आज सुटतील. मला दुपारपर्यंत उत्तर हवं."

बाईंनी फाइल उघडली. खुनाचा खटला चालवायचा अधिकार खालच्या कोर्टाला नसतो. त्याने कागद जमवायचे, शिवायचे आणि वर, म्हणजे इथे सत्र न्यायालयात पाठवायचे. राबायचं खालच्यांनी, मिरवायचं वरच्यांनी! खालचे कारकून दाभणाने समासात दोन भोकं पाडून दोऱ्याने शिवत. वर आलं की तो दोरा कापायचा, कोपऱ्यात एक भोक पाडायचं आणि टॅग ओवायचा.

बाईंनी टॅग सोडला. पान शेहेचाळीस, तीन भोकं. अठ्ठेचाळीस, तीन. सत्तेचाळीसला एकच, कोपऱ्यातलं.

म्हणजे हे पान खालून आलंच नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

पान टाइप केलेलं होतं. मजकूर अर्ध्यावर संपला होता आणि खालच्या कोऱ्या जागेवर पेनाची एक तिरकी रेघ होती. बाईंनी खालच्या कोर्टाची बाकीची पानं चाळली. कोऱ्या जागा होत्या, रेघ कुठेच नव्हती.

वर या फाइलीला तिघांचेच हात लागले होते. बाईंनी आधी रेकॉर्ड कीपरला बोलावलं.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे. पण मी पानं मोजतो, वाचत नाही."

"पानांवर काही लिहिता?"

"छे! आत पेन टेकवलं तर गुरुजी हात तोडतील."

मग नक्कल कारकून आला.

"वकिलांना नक्कल याच पानाची दिलीत?"

"याचीच. फाइल रेकॉर्डमधून आली, गुरुजींनी टॅग लावला, मग माझ्याकडे."

"टाइप करताना कोरी जागा राहिली तर काय करता?"

"काही नाही. सोडून देतो."

गुरुजी म्हणजे बेंच क्लार्क, न्यायाधीशांसमोर बसून सुनावणीची टिपणं ठेवणारे. निवृत्तीला चार महिने उरलेले. कचेरीतल्या प्रत्येकाला त्यांनी घडवलं होतं, बाईंनाही. बाई स्वतः उठून त्यांच्या टेबलापाशी गेल्या.

"गुरुजी, मुलगी बरी आहे ना? वर्षापूर्वी लग्न उरकलंत, आम्हाला पत्रिकासुद्धा नाही."

"घाईत झालं गं."

"सासर कुठलं?"

"इथलंच." त्यांनी मान वर केली नाही. समोर त्यांनी लिहिलेलं कालच्या सुनावणीचं टिपण होतं. त्याच्याही तळाशी तिरकी रेघ होती.

बाईंना रडू आलं. ते तसंच गिळून त्या न्यायाधीशांच्या खोलीत गेल्या. गुरुजींना आणि मेलेल्या मुलीच्या आईलाही आत बोलावलं गेलं.

"साहेब, पान खोटं आहे," बाई म्हणाल्या. "खालच्या शिवणीची भोकं त्याला नाहीत, म्हणजे ते वर आल्यावर बदललं. टॅग ओवताना लक्ष फक्त कोपऱ्यातल्या भोकाकडे जातं, म्हणून बदलणाऱ्याच्या ते ध्यानात आलं नाही. पण त्याने कोऱ्या जागेवर रेघ मारली. खालच्या कोर्टात तशी पद्धत नाही. रेकॉर्ड कीपर आत लिहीत नाही, नक्कल कारकून जागा सोडून देतो. मी नोकरीला लागले त्या दिवशी मला एकाच माणसाने शिकवलं होतं, 'जागा मोकळी सोडू नकोस, उद्या कुणी चार शब्द घुसडेल.' गुरुजी, खोटा कागदही तुम्ही नियमाने केलात!"

गुरुजींनी वाद घातला नाही. पिशवीतून त्यांनी घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. समासात दोन भोकं होती.

"फाडायला हात धजला नाही," ते म्हणाले.

न्यायाधीशांनी वाचलं: नवऱ्याने हात धरले, दिराने काडी ओढली.

"का केलंत?"

"दीर माझा जावई आहे, साहेब. हे नातं मी लपवलं होतं. तो म्हणाला, एकदा स्टोव्ह भडकला, पुन्हाही भडकेल."

"आणि मुलगी आत्ता कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"त्याच घरात. सासू क्षणभर नजरेआड होऊ देत नाही."

दीर बाहेरच्या बाकावर बसला होता आणि फोन त्याच्या खिशात होता. न्यायाधीशांनी घंटी वाजवली. "त्याला आधी ताब्यात घ्या, फोन काढून घ्या. मग बेलिफ आणि पोलीस पाठवून मुलीला आणा." ते गुरुजींकडे वळले. "पत्ता सांगा."

गुरुजींचे ओठ हलले, पण शब्द फुटेना.

मेलेल्या मुलीची आई उठली. तिने पदर खोचला.

"घर मला माहीत आहे," ती म्हणाली. "चला, मी दाखवते."