शेंदूर लागलेला नमुना

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो दगड खात बसला होता.

मी बाबांची भाकर घेऊन नव्या विहिरीकडे निघाले होते. विहिरीतून निघालेल्या मलब्याच्या ढिगावर एक अनोळखी पोरगं उकिडवं बसलेलं. पाठीला पिशवी, हातात छोटा हातोडा... आणि दाताखाली काळ्या दगडाचा तुकडा, तोही डोळे मिटून.

"भूक लागली असल तर भाकर हाय," मी म्हणाले.

तो दचकला. कान लाल झाले. "दाताखाली कचकच झाली तर रेती. न्हाई झाली तर नुसता गाळ. हा गाळ हाय."

"चव कशी हाय?"

"भाकर मिळाली की फरक सांगतो."

अंगद त्याचं नाव. जवळा बाजारचा. नांदेडला विद्यापीठात दगडांचा अभ्यास करायचा. क्रेनवाल्याकडून त्याला कळलं होतं, की शिरड शहापूरला नामाजींच्या विहिरीत, कठीण खडकाच्या खाली, पन्नास फुटांवर काळा, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड लागलाय. ते नामाजी म्हणजे माझे बाबा.

त्यानं मला सांगितलं, की इथं एकदा तप्त लाव्हा वाहिला, मग थांबला. त्यावर तळं साचलं. तळ्याच्या बुडाशी हवा पोचत नव्हती, म्हणून तिथं जे पडलं ते सडलंच नाही, काळं होऊन गाळात राहिलं. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. बोलता बोलता त्यानं चाकूच्या टोकानं एक पापुद्रा उचकटला. आत पान होतं. शिरांसकट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं.

मी नकळत हात जोडले. तो हसला नाही... हसला असता तर बरं झालं असतं, पुढची तकलीफ वाचली असती.

नंतर तो तीनदा आला. गावात सप्ताह बसला होता, तेव्हा एकदा कीर्तनालाही थांबला. बुवा नामात रंगलेले, सगळा मांडव एका ठेक्यात, आणि मागून एकच टाळी चुकीच्या जागी. मी वळून बघितलं की ती थांबायची. मी पुढं बघितलं की पुन्हा सुरू.

जाताना म्हणाला, "काळ्याचा सगळ्यात खालचा थर अजून निघायचाय. निघाला की एक तुकडा माझ्यासाठी ठेवा. हात लावू नका, पाणी लावू नका. हवा लागली की आतलं गंधक जागं होतं आणि दगडाला पिवळी बुरशी सुटते." पोळ्या बांधायचा चंदेरी कागद त्यानं माझ्या हातात दिला. "दुसऱ्या कुणावर सोपवलं नसतं."

ते शेवटचं वाक्य मी दोन दिवस जपून वापरलं.

थर निघाला. चिमट्यानं उचलला, गुंडाळला, वर 'नमुना अकरा' लिहिलं. आता ठेवायचा कुठं? आमच्या घरात अशी एकच जागा, जिथं पारोश्या हातानं कुणी कशाला शिवत नाही. मी तो देवघरात ठेवला.

तिसऱ्या दिवशी विहिरीला पाणी लागलं. असं लागलं, की मजुरांना पहारी सोडून वर यावं लागलं. काळा थर पंधरा फूट पाण्याखाली गेला. मी धावत घरी आले, तर माय देवापुढं बसलेली. चंदेरी कागद बाजूला. दगडाला दूध-दह्याची अंघोळ, वर तेल-शेंदूर, हळदीची बोटं.

"विहिरीतल्या आसरा, पाण्याच्या देवी, घरी आणल्यास आन सांगितलं न्हाईस," माय म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "म्हणून तर पाणी लागलं, बाई."

मी चंदेरी कागद उचलला आणि घडी घालून ठेवला.

त्या संध्याकाळी अंगदचा फोन आला. नीट ठेवलाय ना, विचारलं. मी म्हणाले, व्हय. एवढंच. मग सप्ताहाचे उरलेले दिवस मी कीर्तनात बसले, टाळ्या वाजवल्या, पण एक अभंग कानात शिरला नाही. मोबाइल वाजला की मी तो पालथा घालायचे. तो म्हणाला होता, प्रयोगशाळेत आठ महिन्यांनी नंबर लागलाय, सोमवारी नमुना द्यायचाय. माझ्यावर विश्वासून त्यानं दुसरा तुकडा घेतला नव्हता. त्याच्या तळ्यासारखं माझ्या आतही एक 'व्हय' तळाला बसून काळं होत होतं.

काल्याच्या कीर्तनानं सप्ताह संपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. मी पाण्याचा तांब्या दिला आणि तो पिऊन होण्याआधीच म्हणाले, "मी फोनवर खोटं बोलले."

त्याला देवघरापाशी नेलं. त्यानं वाकून दगड बघितला. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"शेंदरात शिसं असतं," तो हळूच म्हणाला. "आन मला ह्या दगडातलं शिसंच मोजायचं होतं."

"रागवा तरी."

"कुणावर? मायनं हात जोडले, तुमीबी जोडले होते..." त्यानं पायातले मोजे काढले, आत जाऊन दगडाला नमस्कार केला. मायनं त्याच्या हातावर साखर ठेवली. ती त्यानं खाल्ली. त्या क्षणी मला रडू आलं.

विहिरीवर गेलो. माझ्याकडून कळल्यावर, थर पुन्हा उघडा पडावा म्हणून बाबांनी त्याच्यासाठी दोन दिवस मोटार चालवली होती. सगळा भुईमूग भिजला, पाणी वीतभरच उतरलं. चैत्रातलं ते हिरवं, भरलेलं पाणी बघून बाबांचा चेहरा फुललेला, आणि मला बघवेना.

बाबा मोटारीकडे वळले तेव्हा मी म्हणाले, "तुमीच सांगा, देवाला काय मागू? बाबासाठी पाणी... का तुमच्यासाठी कोरड?"

"पाणीच मागा."

"मग तुमचा नंबर?"

"जाईल. पुन्हा लावीन. आठ महिने."

"आन तो थर?"

"तो साडेसहा कोटी वर्षं थांबलाय. अजून थांबंल."

मला विचारायचं नव्हतं. तरी तोंडातून निघालंच. "आन तुमी?"

तो पाण्याकडे बघत होता. कान पुन्हा लाल झाले होते. "मला तेवढं थांबणं जमत न्हाई... रविवारी आईला घेऊन आलो तर चालंल?"

मी मान हलवली की नाही, आठवत नाही. त्यानं बघितलं असावं, कारण ढिगावरून उतरल्यावर सपाट जागीही तो ठेचकाळला.

घरी आले तर माय दारातच. "न्हेला का गं दगड त्यानं?"

"न्हाई," मी म्हणाले. "राहू दे म्हणला. रविवारी आईला घेऊन दर्शनाला येतोय."

मायनं माझ्याकडे एकदा, दोनदा बघितलं. मग तिनं आसरांपुढची समई पुढं ओढली आणि तेल घातलं.