पेन्सिलीचा गोल

पहिली खटकलेली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. तिने पियानोची एक पट्टी दाबली आणि व्हायोलिनच्या तारेने तिला उत्तर दिलं.

सभागृहात दुसरं कुणीच नव्हतं. कार्यक्रम सहाला, आता जेमतेम चार वाजलेले. तिच्याबरोबर वाजवणारी नवी व्हायोलिनवाली पाचला यायची होती. पण स्टुलाची उंची, पेडलची कुरकुर, सगळं स्वतः दहादा बघितल्याशिवाय हिचा जीव भांड्यात पडत नसे. म्हणून तिने सूर जुळवायला देतात ती पट्टी सहज दाबून पाहिली. आणि रिकाम्या खुर्च्यांकडून एक तार हळूहळू वर सरकत त्या सुराला येऊन टेकली.

"मामा?" ती दचकून म्हणाली.

पडद्याआडून सभागृहाचे मामा झाडू घेऊन बाहेर आले. "आल्या वाटतं तुमच्या व्हायोलिनवाल्या बाई. सूर लावताना ऐकलं."

"कुणीच आलेलं नाही, मामा."

"मग माझेच कान वाजले म्हणायचे," मामा हसले. "आणि तुम्ही एवढ्या घाबरू नका हो. मागच्या वर्षी तर तुमच्यापेक्षा स्टूलच जास्त थरथरत होतं!" एवढं बोलून ते दिवे तपासायला वर गेले.

मागच्या वर्षी. हाच मंच, हाच पियानो, आणि शेजारी व्हायोलिन घेऊन उभी राहिलेली तिची सख्खी धाकटी बहीण. स्वरलिपीच्या चौथ्या पानाच्या तळाशी दोन रेघा आणि दोन ठिपके होते. म्हणजे इथून मागे फिरायचं, तोच भाग पुन्हा वाजवायचा. ताईची घाबरगुंडी धाकटीला पाठ होती. तिने त्या ठिपक्यांभोवती पेन्सिलीने ठळक गोल काढून ठेवला होता. तरी हिने भीतीच्या भरात पान उलटलं आणि पुढे गेली. धाकटी ठरल्याप्रमाणे मागे गेली, एकटी पडली, थांबली. लोक हसले.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण आत गेल्यावर दोघींना शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "चुकलं कुणाचं?" आणि ही पटकन बोलून गेली, "हिचं."

धाकटीने तिच्याकडे एकदाच बघितलं. व्हायोलिनच्या तारा सैल केल्या, त्याच्या पेटीला कुलूप घातलं. ती पेटी अजून घरी कपाटावर धूळ खात पडली होती. धाकटी मात्र परगावी नोकरीला निघून गेली. आईशी रोज बोलायची. ताईचा फोन वर्षभरात एकदाही उचलला नव्हता.

आज सांगून टाकायचंच, असं ठरवून ती घरून निघाली होती. तिने धाकटीला फोन लावला आणि स्पीकर चालू करून पियानोवर ठेवला. घंटी वाजत राहिली.

तेवढ्यात राळेचा वास आला. व्हायोलिनच्या गजाला घासतात ती राळ. धाकटीच्या ओढणीला, वेणीला कायम तोच वास असायचा. हिच्या मानेवर काटा आला. मागे वळून बघायची छाती होईना. हातांना काहीतरी काम हवं म्हणून ती मागच्या वर्षीचीच रचना वाजवायला लागली.

तिसऱ्या सुरापाशी व्हायोलिन येऊन मिळालं. अगदी जवळून, उजव्या खांद्यामागून. अवघड जागा आली की नाकाने घेतलेला तोच छोटा श्वास...

चौथं पान. पेन्सिलीचा गोल. तिचा हात पान उलटायला उचलला गेला...

व्हायोलिन थांबलं.

कुणी हललं नाही. नुसतं कुणीतरी वाट बघत उभं होतं. फोनची घंटी एव्हाना कधीच बंद पडायला हवी होती. ती वाजतच होती.

"चूक माझी होती गं," ती कुजबुजली. तिचे डोळे भरून आले. "सरांसमोर खोटं बोलले मी... तुझ्यावर ढकललं."

तिने हात खाली घेतला आणि मागे गेली. व्हायोलिनही मागे आलं. दोघींनी तो भाग पुन्हा वाजवला. एका दमात, न अडखळता, मागच्या वर्षी वाजवायला हवा होता तसा. पुन्हा त्या गोलापाशी पोचल्या, आणि घंटी थांबली.

फोन उचलला गेला होता. पलीकडे कुणीतरी नाकाने छोटा श्वास घेतला.

"या वेळी आलीस मागे," धाकटी म्हणाली. "आता उलट पान, ताई..."