सांध्यातले केस

पाइप दुरुस्त करायचे की सगळे नवे घालायचे, एवढाच प्रश्न होता. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली होती. काकूंचा मुलगा मात्र रोज फोनवर तिसरंच सुचवायचा : घर विकून टाक, माझ्याकडे ये. काकू ऐकून घ्यायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या. नवरा गेल्यापासून तीस वर्षं हे घर त्यांनी एकटीने सांभाळलं होतं. चार बोटं ओलीला भिऊन बिऱ्हाड हलवणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

"नवे कशाला घालताय काकू?" प्लंबर भिंतीला कान लावून म्हणाला. "एखादा सांधा सैल झाला असेल. अर्ध्या तासाचं काम."

भरदुपारी त्याने भिंत फोडली. लोखंडी पाइप जोडताना आट्यांवर ताग गुंडाळतात, पाणी झिरपू नये म्हणून. त्याने पाना लावून सांधा सोडवला, आतला गुंता नखाने उकलला आणि झटकन हात मागे घेतला.

"काय रे?"

"ताग नाही हा, काकू... केस आहेत."

लांब, काळेभोर केस. पुढच्या सांध्यातही तेच, पण अधूनमधून पांढरे. त्याच्या पुढे अर्धेअधिक पांढरे. भिंतीतून नुकत्याच धुतलेल्या केसांचा ओलसर वास येत होता. काकूंचा हात आपोआप स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. घर बांधल्यापासून ही भिंत कुणी फोडलीच नव्हती.

"काकू... बुजवून टाकू का?"

काकूंना भीती वाटली होती. पण त्याहून जास्त त्यांना संताप आला होता.

"बुजवून टाक, आणि मी जाऊन बसते मुलाच्या दारात. वा रे शहाण्या! माझ्या घरात मलाच न विचारता कुणाचे हे उद्योग? जुना एक तुकडा ठेवायचा नाही. प्लास्टिकचे घाल, चिकटवायचे. गुंडाळायची भानगडच नको."

चार दिवस काम चाललं आणि चारही दिवस काकू समोर खुर्ची टाकून बसल्या. शेवटच्या दिवशी तेवढ्या तासभर बाहेर गेल्या. परतल्या तेव्हा प्लंबर आवरून गेला होता आणि नळांना झकास पाणी होतं.

सकाळी त्याचा फोन आला.

"काकू, न्हाणीघरातला शेवटचा सांधा गळत नाही ना?"

"मला काय विचारतोस? बसवलास तूच ना?"

"नाही... तुमच्या ताई म्हणाल्या, तेवढा मी बांधते, तू जा."

"कोण ताई?"

"आत बसल्या होत्या त्या, पाठमोऱ्या. डोक्यावर एक केस नव्हता... मला वाटलं, आजारातून उठल्या असतील."

काकूंनी न्हाणीघराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं. आत बादलीत पाणी पडत होतं, आणि नळ काही त्यांनी सोडला नव्हता.

"पाना घेऊन आत्ताच्या आत्ता ये," त्या आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "तो शेवटचा सांधाही काढायचाय. घर माझं आहे."

आत कुणीतरी नळ बंद केला.