मेरेआना आत्याची आंघोळ

दार लोटून घ्या, मग सांगतो. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. तामाहौ आपल्या वाफेच्या गावातलाच, रोटोरुआकडचा. पर्यटकांना उकळती कुंडं दाखवणं हा त्याचा धंदा.

मागच्या जुलैतली, अमावास्येची आदली रात्र. त्याची मेरेआना आत्या सभाघरात उघड्या शवपेटीत निजवलेली होती. आईमागे तिनंच त्याला वाढवलेलं. बायका पेटीभोवती बसून होत्या; आम्हा माओरींमध्ये गेलेल्या माणसाला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. तामाहौ मात्र उंबऱ्याशीच घुटमळत होता.

आत्याची मुलगी हुइया म्हणाली, "तिथं काय उभा राहिलास? पाहुण्यांपुढे तर तुझी जीभ थांबत नाही. जा, जमिनीच्या वाफेवर शिजत ठेवलेली रताळी घेऊन ये. माणसं उपाशी आहेत."

तो निघाला. वाटेत गावाची न्हाणी लागते, उघड्यावरची, ऊन पाण्याची. तिथं तो थांबला. अंथरुणाला खिळल्यापासून आत्या एकच मागायची, "तामा, एकदा न्हाणीत ने रे मला. हाडं शेकून निघतील." आणि तो रोज म्हणायचा, "उद्या नेतो, आत्या. आज बस भरून पाहुणे आलेत."

वाफ दाट होती. बॅटरीचा उजेड तिच्यातच अडकत होता.

पलीकडून कुणीतरी खोकलं.

"तामा... आलास?"

तोच आवाज. कुरकुरता, मायेचा.

"पाणी बेताचं झालंय बघ. हात दे... एकटीनं उतरवत नाही मला."

वाफेतून हात पुढे आला. सुरकुतलेला.

त्याला तो धरायचा होता. खरंच धरायचा होता. पण अंग आखडलं... आणि सवयीनं तोंडून निघून गेलं,

"उद्या, आत्या."

हात तसाच राहिला... थोडा वेळ. मग मागे गेला. ती रागावली नाही.

पायरीवर एक पाऊल. मग दुसरं.

मग पाणी हललं.

तामाहौ रताळी न घेताच पळाला. सभाघरात शिरला तो थेट पेटीपाशी. आमच्या रीतीप्रमाणे आत्याच्या नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावलं आणि लहान पोरासारखा रडला. "चुकलो गं," एवढंच म्हणत राहिला.

हुइयानं त्याला उठवायला हात पुढे केला, आणि तिथंच थबकली.

"केस कुणी धुतले हिचे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. जागची कुणी हललीच नव्हती...

आत्याचे पांढरे केस ओलेचिंब होते. गंधकाचा वास येत होता त्यांना. आणि उशीत मुरलेलं पाणी... अजून ऊन होतं.