टपाखालचा दिवा

जीप घ्या की, मी कुठे नको म्हणतोय? तुमचं वय आहे, हाताला कला आहे, बायकोमुलांना रानावनात फिरवायची हौस आहे. फक्त घेण्याआधी आमच्या वायरमनचं ऐकून घ्या. ही उडत आलेली बातमी नाही, त्याच्याच तोंडून ऐकलंय. आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही. थापा मारायला माणसात थोडी तरी मजा शिल्लक लागते.

तर हा वायरमन. दिवसभर खांबावर आणि रात्री कुणाचा फ्यूज उडाला की तिकडे. मुलगी सहा वर्षांची, लाडाचं नाव ठकी. शाळेत बाईंनी विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर ही म्हणाली, "खांबावर राहतात." सगळा वर्ग हसला. ऐकून वायरमनही हसला, पण ते त्याला फार लागलं. त्याने ठरवलं, एक जुनी जीप घ्यायची, ठकीला हाताशी धरून ती उभी करायची आणि सुट्टीत तिघांनी तंबू घेऊन भटकायचं. पोर मोठी होण्याआधी तिच्या वाट्याला थोडा बाप यावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

एका रविवारी सकाळी तो जीप बघायला गेला. विकणारा निवृत्त मोजणीदार, लोकांच्या जमिनी मोजण्यात जन्म गेलेला, घरात एकटा. शेडमध्ये जीप उभी. बंद बॉडीची, मागे समोरासमोर दोन बाकं, मागच्या बाजूला एक दार. पत्रा सडलेला, पण चेसिस ठणठणीत. आदल्या आठवड्यात दोन तरुण पोरं जास्त पैसे देत होती, त्यांना म्हाताऱ्याने वाटेला लावलं होतं.

"मुलंबाळं?" मोजणीदाराने विचारलं.

"एक मुलगी. सहा वर्षांची."

"मागे बसेल ना ती?"

"मागेच की. पुढे तिची आई असणार."

म्हाताऱ्याने किल्ली पुढे केली. "घेऊन जा मग. टपाखालचा दिवा तेवढा लागत नाही. तुम्ही वायरमन, तुम्हाला काय, चुटकीसरशी जोडाल."

वायरमन घरी येऊन बायकोला म्हणाला, भला माणूस भेटला.

चार महिने बापलेक त्या जीपच्या मागे होते. गंज घासला, स्प्रिंगचे पाटे बदलले, रंग दिला. ठकीच्या केसांत रंग, वहीवर ग्रीस, आईची बोलणी दोघांनाही सारखीच. शेवटी दिवा राहिला. त्याची रचना साधी. मागचं दार उघडलं की चौकटीतलं बटण बाहेर येतं आणि दिवा लागतो, दार मिटलं की विझतो. वायरमनने टपाचं अस्तर सोडवून बघितलं. वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती. दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीच्या कडेला दातांच्या खुणा. काम करणाऱ्याने ती दातांनीच तोडली होती.

आता वायरमनच तो, कापलेली वायर त्याला कशी बघवणार? त्याने ती जोडली. ठकीने दार उघडलं, दिवा लागला, तिने टाळ्या पिटल्या. दाराची आतली मूठ मोडलेली होती, ती मात्र त्याने मुद्दाम बसवली नाही. पोर मागे एकटी असणार, चुकून दार उघडायला नको. इतका काळजी घेणारा माणूस.

नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. रात्री साडेनऊला जेवून तिघं निघाले. धरणाकाठी मुक्काम करायचा, सकाळी पाण्यावर ऊन पडताना ठकीला उठवायचं, असा बेत. गावं मागे पडली. दोन्ही बाजूंना नुसतं माळरान. ठकी मागे गादीवर झोपली होती.

अकरा वाजून दहा मिनिटांनी दिवा लागला.

वायरमनने करकचून ब्रेक दाबला, उतरला, मागे धावला. दार मिटलेलं. मूठ घट्ट. मागच्या काचेतून बॅटरी मारली, ठकी झोपेत. दिवाही विझलेला.

"बटण सैल झालं असेल," तो बायकोला म्हणाला.

अकरा वीसला पुन्हा. पुन्हा तो धावला. दार मिटलेलंच. या वेळी ठकी उठून बसली होती, डोळे चोळत.

"ठके, दार ढकललंस का ग?"

"नाही." मग तिने समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून विचारलं, "आता माझी पाळी का?"

स्वप्नात असेल. त्याने तिला निजवलं, पांघरूण घातलं.

साडेअकराला तिसऱ्यांदा लागला, तेव्हा बायकोचं डोकं फिरलं. "अहो, दर दहा मिनिटांनी उतरताय. असं केलं तर इथेच उजाडेल. काढून टाका बघू तो दिवा!"

वायरमन खजील झाला. गावभर ज्याच्या जोडणीचं नाव, त्याचा स्वतःच्या गाडीतला दिवा असा वेड लागल्यासारखा वागतोय. तो मागे चढला. बॅटरी काखेत धरली, अस्तर सोडवलं, पक्कडीने वायर कापली. दोन टोकांना पट्टी गुंडाळली. ठकी टक्क जागी होती.

"बाबा, नको ना."

"सकाळी जोडतो हं, राणी."

"पण मग तुम्हाला कळणार कसं?"

त्याने तिच्या कपाळावर हात फिरवला. खाली उतरला. दार लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि निघाला.

आता गाडीत अंधार. बायकोला डुलकी लागली. रस्ता सरळ होता. वायरमनच्या जिभेवर कसलीतरी कडू चव आली होती. डिंकासारखी. ती चिकटपट्टीची होती. कात्री सामानात खाली राहिलेली, म्हणून त्याने पट्टी दातांनी तोडली होती...

दातांनी.

घरी बसून वायर कापणाऱ्याच्या हाताशी कात्री असते. पट्टी दातांनी तोडतो तो रस्त्यावरचा माणूस. अंधारातला. घाईतला. दिव्याला कंटाळलेला.

म्हणजे म्हाताऱ्याने पण... असाच... रस्त्यात...

मग त्याच्या गाडीत मागे कोण होतं?

त्याने गाडी थांबवली. अकरा बावन्न. मागे गेला. चालतच गेला.

दार मिटलेलं. मूठ घट्ट.

त्याने उघडलं. दिवा नाही. लागणार कसा?

बॅटरी मारली. पांघरूण तसंच होतं, त्याने खोचलं होतं तसं. गादी होती.

ठकी नव्हती.

बायको खाली उतरली होती. तिने त्याचं तोंड बघितलं, आणि...

गाडी वळवली. तो चालवत होता. ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून हाक मारत होती. "ठके... ए ठके..." माळावरून काही येत नव्हतं. एक किलोमीटर. दोन. पाच. नऊ.

एका किलोमीटरच्या दगडाला टेकून ठकी बसली होती. नीट. मांडी घालून. अंगावर ओरखडा नाही.

...

डॉक्टर म्हणाले, थंडीने गेली असेल. लगेच स्वतःच म्हणाले, पण अर्ध्या-पाऊण तासात माणूस इतका गार पडत नाही. कागदावर त्यांनी काय लिहिलं, ते वायरमनने वाचलं नाही. बायको माहेरी गेली. ती त्याला दोष देत नाही. दिवा काढून टाका हे आपणच म्हणालो, एवढंच ती भिंतीकडे बघून सांगत असते. त्याने दोष दिला असता, तर तिला बरं वाटलं असतं.

पंधरा दिवसांनी वायरमनने मोजणीदाराला फोन केला. शिव्या घालायच्या होत्या. म्हाताऱ्याने त्याला बोलूच दिलं नाही.

"किती वेळा लागला?"

"...तीनदा."

"आमच्या नातवाच्या वेळीही तीनदाच. सातवं चालू होतं त्याचं." मग म्हातारा म्हणाला, आणि वायरमन शपथेवर सांगतो की त्या आवाजात समाधान होतं, "फार एकटा पडला होता हो तो."

आणि फोन ठेवला. पुन्हा लागला नाही.

जीप भंगारात गेली. वायरमनने स्वतः उभं राहून ती कापून घेतली. तुम्हाला हवी आहे ती दुसरी असेल, असणारच. मी कशाला अडवू?

एक गोष्ट मात्र त्याने पोलिसांना सांगितली नाही, बायकोला नाही, म्हाताऱ्यालाही नाही. मला सांगितली, तीसुद्धा तिसऱ्यांदा विचारल्यावर. ठकी दगडापाशी सापडली, तेव्हा तिने दोन्ही हातांनी काहीतरी पोटाशी धरलं होतं. एक सँडल. मुलाची, डाव्या पायाची, बक्कल उघडलेलं. ठकीची बोटं इतकी गार आणि ताठ झाली होती, की त्याला ती एकेक करून सोडवावी लागली. सँडल मोकळी झाल्यावर त्याने आत हात घातला.

आतून ती ऊबदार होती. नुकतीच कुणीतरी पायातून काढावी तशी.